उंबरठा, पन्नास मिलिव्होल्ट

टण्णकन वाटी पडली आणि प्रयोगशाळेतली शांतता मोडली. वाटी पडली होती साताऱ्याच्या घरी. आवाज आला तो विशाखाच्या टेबलावरच्या डिटेक्टरमधून. वाटी गरगरत थांबली, मग चार वर्षांच्या जुईचं हसू आलं, आणि त्यामागून विशाखाच्या सासूबाईंचं, माईंचं, "सांडलंस ना सगळं?"

विशाखासह वीस देशांतली तरुण मंडळी घरापासून दूर, डोंगरातल्या एका शाळेत डिटेक्टर बांधायला शिकत होती. आकाशातून येणारे कण मोजायचे, दुसरं काही नाही. शिकवणाऱ्या हेल्गाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. हा नुसता गोंगाट आहे, म्हणाल्या, थ्रेशोल्ड वाढव. म्हणजे ठरवलेल्या उंचीच्या खालचं सगळं यंत्रच गाळून टाकतं. शुक्रवारी स्वच्छ आलेख दिला की प्रमाणपत्र, प्रमाणपत्र मिळालं की पुण्याची नोकरी पक्की, आणि नोकरी पक्की झाली की जुई कायमची आईपाशी. विशाखाने हे सगळं त्या एका आलेखावर टांगलं होतं.

थ्रेशोल्डच्या बटणाला सारखे कुणाचे ना कुणाचे हात लागत. म्हणून तिने पहिल्याच दिवशी त्यावर कागदाची पट्टी चिकटवून मराठीत लिहिलं होतं: उंबरठा. इथे ते कुणाला वाचता आलं नाही. घराला आलं.

बटण वीस मिलिव्होल्टवर गेलं तेव्हा साताऱ्याच्या घराचा उंबरठा वीतभर वर आला. दुपारी फोन केला तर माई सहज बोलल्या. लाकूड फुगलं असेल, म्हणाल्या. पोरगी त्यावर घोडा घोडा करते, माझे मात्र गुडघे बोलायला लागलेत. तीसला तो जुईच्या छातीशी आला. चाळीसला तिला अंगणातून उचलून आत घ्यावं लागलं. जुईला दाखवा म्हटल्यावर फोनमध्ये दिसला फक्त सागवान, आणि वरची कड धरलेली आठ बोटं.

आलेख मात्र निवळत चालला. वाटी गेली, कुकरची शिट्टी गेली, माईंचा खोकला गेला. उरली जुईची हाक. ती उंच होती, काही केल्या गाळली जाईना. हेल्गाबाईंनी नेमकं तिथे पेन्सिलीचं टोक ठेवलं.

"एवढं एक काढ. मग झालं."

"ती माझी मुलगी आहे."

"तेच म्हणते. कण नाही."

शुक्रवारपर्यंतच, विशाखाने मनाशी म्हटलं, मग लगेच उतरवू. तिने बटण पन्नासवर नेलं. हाक थांबली. आलेख धुतल्यासारखा झाला.

प्रमाणपत्र हातात पडल्या पडल्या तिने बटण उलटं फिरवलं, पार शून्यावर आणलं, आणि फोन लावला.

"माई, उतरला का उंबरठा?"

"उतरेल कसा? रोज हळदकुंकू वाहते मी त्याला. पूजलेला उंबरठा खाली येत नसतो गं. आता स्टुलावर चढून वाहते, एवढंच."

"आणि जुई?"

"वाढला तेव्हा ती अंगणात होती. फटीतून डबा सोडते की खाली. जेवते हो नीट, नाव ठेवायला जागा नाही. तू तिथलं बघ."

विशाखा पर्स न घेताच निघाली. प्रयोगशाळेच्या दाराला सागवानाची फळी होती, तिच्या कमरेइतकी. बाकीची मंडळी गप्पा मारत पाय उचलून पलीकडे जात होती. कुणी मागे वळून तिला हात केला. तिने पाय उचलला, तोवर फळी खांद्यापर्यंत आली. तिने कड धरली तर बोटांना ओलं कुंकू लागलं. हेल्गाबाई शेवटच्या गेल्या. जाताना, काम छान झालं तुझं, असं म्हणाल्या आणि दिवा मालवल्यासारख्या फळीमागे दिसेनाशा झाल्या.

मग फळी चौकटीला जाऊन टेकली. विशाखाने लाकडाला गाल लावला. पलीकडून, तिच्या गुडघ्याच्या उंचीवर, कुणीतरी हळूच नखांनी खरवडत होतं.

"जुई?"

खरवडणं थांबलं.

"आई," जुईने विचारलं, "तू आत आहेस का बाहेर?"