वाजला की गेला

"वाजतोय का?" बायकोनं ब्रश रंगात बुडवत विचारलं.

"वाजतोय, वाजतोय!" वायरमननं कानाशी हलवलेला बल्ब तिच्या पुढ्यात ठेवला आणि तो मोकळा झाला.

त्याला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. बल्बही नाही आणि तिचा प्रश्नही नाही. पण इतक्या वर्षांत प्रश्न बदलला नव्हता, तेव्हा तिचे ओठ हलले की उत्तर ठोकून द्यायचं, एवढं त्याला जमत होतं.

घरचा नियम साधा होता. वाजला की गेला. आतली तुटकी तार किणकिणली, तर बल्ब रंगवायचा; गप्प राहिला, तर जपून ठेवायचा. चांगला बल्ब रंगवणं म्हणजे भरल्या ताटाला लाथ मारणं, असं तिचं म्हणणं. नोकरीत असताना वायरमन कचेऱ्यांतले, जिन्यांतले गेलेले बल्ब पिशव्या भरभरून आणायचा आणि ती त्यांचे मिशाळ म्हातारे, घुबडं, नाकाला लाल ठिपका दिलेले विदूषक करायची. सुट्टीत लेक आली की सगळी वरात खिडकीत लटकायची.

लेक उद्या येणार होती. "या खेपेला बाबांना कानाच्या डॉक्टरकडे नेल्याशिवाय मी परत जायची नाही," असं तिनं आईला फोनवर बजावलं होतं. ते कळल्यापासून वायरमनच्या पायाला भिंगरी लागली होती. दोरी बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. स्टूल इकडून तिकडे, तिकडून इकडे. कानात मशीन घालून फिरलो तर लोक हसतील, असं तो सांगायचा. पण हसू दे की लोकांना! भीती निराळीच होती. मशीननंही काही व्हायचं नाही, असं डॉक्टर म्हणाला तर? बायकोची दिवसभराची टकळी कायमची गेली, असं कुणी तोंडावर सांगितलं तर? तोवर निदान थोडी ऐकू येतेय, असं धरून चालता येत होतं.

या वर्षी बंद पडलेल्या एका लॉजमधून त्यानं खोकंभर बल्ब आणले होते. एक हलवायचा, मान डोलवायची, रंगवायला द्यायचा. दुसरा हलवायचा, चांगल्यात टाकायचा. सगळं अंदाजपंचे!

दिवेलागणीला स्वयंपाकघरातला बल्ब उडाला. वायरमनला हुरूप आला, हे त्याच्या हातचं काम. चांगल्यातला एक घेऊन तो स्टुलावर चढला. लागेना. दुसरा लावला. तोही लागेना. तिसऱ्याला त्याच्या कपाळावर घाम आला.

"होल्डरच भिकार आहे!" तो खेकसला.

बायको उठली. दोरीवर वाळत घातलेला विदूषक तिनं उतरवला, पदरानं त्याची पितळी टोपी पुसली आणि तो वर धरला. वायरमननं तो बसवला, बटण दाबलं.

विदूषक झक्क पेटला. नाकाचा लाल डाग छतावर उमटला, रंग तापल्याचा वास सुटला. वायरमन स्टुलावर तसाच उभा राहिला. खाली बघायची त्याला लाज वाटत होती. बघितलं तेव्हा तिचे ओठ हलत होते. एरवी तो 'हो, हो' म्हणाला असता.

"काय म्हणालीस?" त्यानं विचारलं. वर्षभरात पहिल्यांदाच.

ती जवळ आली, तिनं त्याला हाताला धरून उतरवलं आणि कानाशी तोंड नेऊन ओरडली, "उतरा म्हटलं! पडाल!"

"अगं, पण हा चांगला होता. मग रंगवलास कशाला?"

"तुम्ही वाजतोय म्हणालात ना? म्हणून रंगवला!" ती तशीच कानाशी ओरडली.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"शेजारपाजारच्यांनाही माहीत आहे! लपवत होतात ते एकटे तुम्हीच!"

तो खुर्चीवर बसला. मग घसा खाकरून म्हणाला, "पोरीला सांग, जाऊ डॉक्टरकडे. तू पण चल मात्र."

तिनं खोकं पुढ्यात ओढलं. एक बल्ब स्वतःच्या कानाशी हलवला, मान डोलावली. मग त्याचं बोट धरून काचेवर टेकवलं आणि बल्ब पुन्हा हलवला. आत तुटकी तार टुकटुक करत होती. अगदी बारीक, पण बोटाला लागत होती.

"वाजतोय का?" तिनं विचारलं. आवाज आला नाही, पण ओठ दिसले.

"वाजतोय," वायरमन म्हणाला आणि बोट तसंच काचेवर ठेवून बसला.