तक्रार बंद करायची का?

सरकारला नावं ठेवण्यात माझी हयात गेली, पण ज्यानं ही तक्रारींची हेल्पलाइन काढली त्याचं भलं होवो.

इकडे हिंदी मुलखात, नया बाज़ारातल्या आमच्या घरी नळाला गटाराचा वास येऊ लागला आणि आमच्या कुटुंबाला, सुलोचनाबाईंना, कावीळ झाली. त्या कशाबशा उठून बसल्या. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा झाली तर निभावणार नाही. मग नातीनं, गरिमानं, मोबाइलवरून माझ्या नावानं तक्रार टाकली. तक्रारदार स्वतः 'संतुष्ट' म्हणाल्याशिवाय ती बंद होत नाही, असा तिथला नियम.

दुसऱ्याच दिवशी इंजिनिअर दारात. आमच्याकडे आलेला माणूस चहा-चिवड्याशिवाय जात नाही, आणि त्यानं काही मागितलं तर नाही म्हणायची रीत नाही. चिवडा संपवून तो म्हणाला, "रावसाहेब, काम हो जाएगा. फ़ोन आए तो संतुष्ट बोल दीजिए." फोन आला. पलीकडची हेल्पलाइनची मुलगी इतक्या अदबीनं विचारत होती की मीही अदबीनं म्हणालो, "बिल्कुल संतुष्ट हैं, बेटी."

तक्रार बंद झाली. वास तसाच राहिला.

"आजोबा, ये क्या किया आपने!" गरिमा कडाडली.

सुलोचनाबाईंना लग्न होऊन आल्यापासून काहीही विचारा, उत्तर एकच: "ठीक आहे." त्या दिवशी मात्र त्या गरिमाला म्हणाल्या, "परत टाक. आता माझ्या नावानं."

इंजिनिअर पुन्हा आला. चहा मिळाला, चिवडाही मिळाला. "माताजी, संतुष्ट बोल दीजिएगा."

"पानी साफ होगा, तब बोलूँगी. चिवडा और लीजिए."

फोन आला की त्या म्हणायच्या, "नहीं." शरमेनं मला घाम फुटायचा. घरी चहा घेऊन गेलेल्या माणसाविरुद्ध असं कुणी बोलतं का? पण त्या 'नहीं'मुळे तक्रार वरच्या साहेबांकडे गेली आणि रस्ता खोदला गेला. आमच्या फुटलेल्या पाइपात गटार झिरपत होतं. इंजिनिअरनं चिखलात उभं राहून नवा पाइप टाकून घेतला.

सुलोचनाबाईंनी पेला उजेडात धरला, हुंगला, एक घोट घेतला. फोन आल्यावर म्हणाल्या, "हाँ बेटी, अब संतुष्ट हूँ. बड़ा उपकार हुआ आप लोगों का."

"और कोई शिकायत, माताजी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातला पेपर खाली ठेवला.

"नहीं बेटी. और कोई नहीं."

भिडेखातर बोलणं त्यांनी आता सोडलं होतं. म्हणूनच माझे डोळे भरून आले.