पाठकोरी बाही

"ज्या माणसाला स्वतःचा शर्ट स्वतः शिवता येत नाही, त्याने स्वातंत्र्याच्या गप्पा मारू नयेत," असं माधवराव टिपणिसांनी एका मंगळवारी सकाळी शिवाजी पार्कजवळच्या ‘श्रमसाफल्य’ इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून जाहीर केलं. श्रोता एकच होता, त्यांच्या पत्नी पद्मजाबाई. त्यांचंही लक्ष नव्हतं, कारण माधवरावांच्या पायजम्याची नाडी आत गेली होती आणि ती बाहेर काढायला त्या हेअरपिन शोधत होत्या. स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता तोवर दोन्ही हातांनी पायजमा धरून उभा होता.

या घोषणेमागे इतिहास होता. अठ्ठावीस वर्षं माधवराव प्रभादेवीच्या रामदास टेलरकडून शर्ट शिवून घेत. माप घेताना टेप पोटापाशी आली की रामदास खोकायचा आणि आकडा न उच्चारता वहीत लिहायचा. अशी सभ्य माणसं आता होत नाहीत. गेल्या वर्षी रामदासने दुकान बंद केलं आणि तो मुलाकडे बदलापूरला गेला. मग वाढदिवसाला माधवरावांच्या मुलीने, ऋताने, एक निळा तयार शर्ट आणला. त्याला स्लिम फिट म्हणतात. तो घालून माधवराव उभे राहिले की सद्गृहस्थ दिसत. खाली बसले की दोन बटणांच्या मधून बनियन डोकं काढून कोण आलंय ते बघे. हा शर्ट पुन्हा अंगाला लावणार नाही, अशी त्यांनी शपथ घेतली, आणि ती रोज फोनवर ऋताला ऐकवू लागले.

ऋताने कंटाळून एक लिंक पाठवली. शर्टाचा नमुना डाउनलोड करायचा, घरच्या प्रिंटरवर छापायचा, कागद एकाला एक चिकटवायचे, रेघेवर कापायचे आणि कापडावर ठेवून शर्ट बेतायचा. "बाबा, आता तुम्हीच शिवा," असं तिने खाली लिहिलं होतं. तो टोमणा होता. पण विमा कंपनीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला टोमणा आणि परिपत्रक यांतला फरक कळेनासा होतो. माधवरावांनी ते परिपत्रक मानलं.

नमुन्याची पानं बत्तीस होती. प्रिंटरबरोबर ऋताने पाचशे कोऱ्या कागदांचं एक पाकीटही दिलं होतं, पण लॉकडाउनपासून त्याचं वेष्टन फुटलेलं नव्हतं. ते कपाटात, पद्मजाबाईंच्या पैठणीखाली, पैठणीच्याच इतमामाने ठेवलेलं होतं. कारण घरात पाठकोरे कागद असताना कोरा वापरणं म्हणजे माधवरावांच्या लेखी दूध मोरीत ओतण्यासारखं होतं. सोसायटीच्या नोटिसा, जुनी वीजबिलं, रक्ताचे रिपोर्ट, जे जे एका बाजूला मोकळं असे ते एका खोक्यात जमा होई. त्यांचा नियम साधा होता: लिहिलेली बाजू मेली. मेलेल्या बाजूकडे पुन्हा वळून बघायचं नाही.

आता लिफ्टचं सांगायला हवं. श्रमसाफल्यला लिफ्ट नाही. बांधणाऱ्याने नावातच तशी सूचना दिली होती. गणपतीनंतर पद्मजाबाईंचे गुडघे संपावर गेले आणि तेव्हापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. भाजी, दूध, औषधं, सगळं खिडकीतून दोरीने सोडलेल्या पिशवीत बसून वर येई. संध्याकाळचा पार्कचा कट्टा मात्र पिशवीत मावत नव्हता. लिफ्टसाठी सगळ्या सभासदांची लेखी संमती हवी होती, आणि तळमजल्यावरच्या ललिता नाबर ती अकरा वर्षं देत नव्हत्या. लिफ्ट जिथे यायची, नेमकं तिथे त्यांचं अनंताचं झाड होतं. सोसायटीचे सेक्रेटरी या नात्याने माधवरावांनी त्यांना सतरा पत्रं लिहिली. सगळी मुद्देसूद होती, म्हणून सगळी फुकट गेली. शेवटी पद्मजाबाईंनी एक शब्दही न लिहिता पिशवीतून नारळीभाताचा डबा खाली सोडला. चौथ्या दिवशी डबा घासून वर आला आणि त्यात एक पत्र होतं. झाड मोठ्या कुंडीत हलवून घेईन, पद्मजाच्या पायांसाठी लिफ्टला माझी काहीही हरकत नाही, आणि खाली सही, ललिता नाबर.

माधवरावांनी त्या पत्राची झेरॉक्स काढली. एक कागद फाइलला लावला आणि एक ठेवून दिला.

मग शिवणकाम सुरू झालं. नमुन्याच्या पहिल्या पानावर पाच सेंटिमीटरचा एक चौकोन होता; छपाई बरोबर आली की नाही ते बघायला तो मोजायचा असतो. माधवरावांनी तो स्टीलच्या पट्टीने चारही बाजूंनी मोजला आणि बरोबर पाच भरल्यावर त्याखाली सही करून तारीख टाकली. दोन दिवस हॉलभर कागद पसरलेले होते. त्या दोन दिवसांत पद्मजाबाई स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आधी आवाज देत आणि माधवराव त्यांना कुठल्या पानावरून यायचं ते सांगत. कापड म्हणून त्यांना मोरांची जुनी चादर मिळाली. पहिल्या शर्टाला चांगलं कापड देण्याइतक्या पद्मजाबाई भोळ्या नव्हत्या.

मशीन पद्मजाबाईंच्या आईची. वीस वर्षं तिच्यावर टेलिफोन, मग टेलिफोन गेल्यावर फुलदाणी होती. सूचना इंग्रजीत होत्या आणि माधवराव त्या मोठ्याने वाचत. एका ठिकाणी लिहिलं होतं की एक बाही कापून झाली की कागद उलटा करावा आणि दुसरी कापावी. माधवराव थांबले. कागद उलटा करायचा म्हणजे मेलेली बाजू वर. ज्या परदेशी बाईंनी हे लिहिलंय त्या कोरे कागद वापरत असणार, श्रीमंतांची थेरं, असं म्हणून त्यांनी कागद होता तसाच ठेवून दुसरी बाही कापली.

शनिवारी शर्ट झाला. छातीवर दोन मोर समोरासमोर यायचे ते भांडण झाल्यासारखे पाठमोरे आले. ते एक वेळ चाललं असतं. पण उजवा हात आपोआप पुढे आणि थोडा वर जात होता, कुणाला तरी शपथ देत असल्यासारखा.

"अहो, ही बाही पुढे का ओढतेय?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"नवीन आहे. अंगवळणी पडेल."

"बाहीच्या की तुमच्या?"

रविवारी दुपारी लिफ्टचं काम बघणाऱ्या आर्किटेक्टचा, निलेशचा फोन आला. उद्या फाइल जमा करायची, बाकी सगळं ठीक आहे, फक्त काका, नाबरबाईंच्या पत्राची तुम्ही झेरॉक्स लावलीय, ओरिजिनल लागेल. माधवराव हसून म्हणाले की ओरिजिनल घरात आहे. मग त्यांचं हसू हळूहळू खोक्याकडे वळलं.

खोक्यात नव्हतं. माधवराव सगळे कागद उपसत असताना पद्मजाबाई मशीनपाशी बसून शर्टाची बाही निरखत होत्या. दोन्ही बाह्या डाव्याच आहेत एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं. असं का झालं ते नवऱ्याला दाखवावं म्हणून त्यांनी बाहीचा कागदी नमुना उचलला आणि उलटा केला. मागे निळ्या शाईत ललिताताईंचं वळणदार अक्षर होतं. खांद्याच्या गोलाईवर कात्री बरोबर शेवटच्या ओळीतून गेली होती. बाहीवर राहिलं होतं, "लिफ्टला माझी काहीही हरकत". पुढचा शब्द आणि सही कातरणाबरोबर शुक्रवारच्या कचऱ्यात गेली होती.

पद्मजाबाई खिडकीशी गेल्या आणि पिशवीची दोरी सोडवून नीट गुंडाळून ठेवू लागल्या, अजून बरीच वर्षं वापरायची असल्यासारखी. माधवरावांना वाटलं, हिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं की मी खाली जातो, फाइल भिजली म्हणतो आणि दुसरं पत्र मागतो. मग ते कपाटाकडे वळले.

"कपडे बदलू नका. हाच घालून जा."

"हा? ललिताताई हसतील."

"म्हणूनच म्हणतेय. आणि नमुन्याचे हे कागदही पिशवीत घालून घेऊन जा."

जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे हितेंद्र भेटले. त्यांनी शर्टाकडे बघितलं, मोरांकडे बघितलं, वर आलेल्या हाताला उत्तर म्हणून आपलाही हात वर केला आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

ललिता नाबर यांनी तीस वर्षं गिरगावातल्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं होतं. सतरा पत्रं लिहिणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं आणि भात पाठवणारीला होतं, एवढ्यात सगळं आलं. माधवरावांनी दारातच भिजलेल्या फाइलची कथा सुरू केली. ती गळक्या टाकीपर्यंत पोचली असेल-नसेल, ललिताताईंनी चष्मा बदलला.

"हा कुणी शिवला?"

"मीच. डाउनलोड करून."

"काढा."

"शर्ट?"

"दुसरं काय? दोन डाव्या बाह्या घालून माझ्या घरात बसायचं नाही."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंचा आवाज तोच होता, ज्याने गिरगावातल्या हजारभर मुलींचे धावदोरे सरळ केले होते. माधवराव मिनिटभरात बनियनवर सोफ्यावर बसले. ललिताताईंनी उसवणी घेतली आणि उजवी बाही उसवता उसवता विचारलं की दुसरी कापताना नमुना उलटा केला नव्हता का. माधवराव म्हणाले, नव्हता. का नाही, असं त्यांनी विचारलं. माधवराव बनियनच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. मग ललिताताईंनी पिशवीतला नमुना मागितला आणि शाळेत दाखवत तसा हातात धरून म्हणाल्या, "हे बघा, ही डावी. आणि असा उलटा केला की..."

आणि त्या थांबल्या.

बराच वेळ त्या वाचत राहिल्या. खरं तर दीड ओळच होती. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"अकरा वर्षं लागली हो मला हे लिहायला," त्या म्हणाल्या. "चार वेळा लिहून फाडलं. आणि तुम्ही त्याची बाही केलीत."

माधवरावांना गळकी टाकी आठवत होती, सोसायटीचे नियमही आठवत होते, अठराव्या पत्राचा मसुदा डोक्यात तयार होता. पण बनियनवर बसलेल्या माणसाला मुद्देसूद बोलता येत नाही. ते म्हणाले, "फाइल भिजली नाही. मी कागद उलटून बघितला नाही. पद्मजा मला काही बोलली नाही, तिने नुसती दोरी गुंडाळून ठेवली. तिला संध्याकाळी कट्ट्यावर बसायचंय, ताई. माझं बाकी काही म्हणणं नाही."

ललिताताईंनी बाहीचा कागद मांडीवर सपाट केला. "सतरा पत्रं लिहिलीत. त्यांत हे एकदाही लिहिलं नाहीत," त्या म्हणाल्या. "‘उद्वाहन यंत्रणेची निकड’ काय, ‘उपविधी क्रमांक’ काय. मला वाटायचं, तुम्हालाच वर जायचा कंटाळा आलाय."

मग त्यांनी शर्ट आपल्याकडे ओढला आणि सांगितलं की चादरीचा उरलेला तुकडा असेल तर पाठवून द्या, उजवी बाही मी कापून देते, टीप तुम्ही मारायची, आणि दर बुधवारी चारला इथे येऊन आधी सरळ टीप शिकायची. पत्राचं काय, असं विचारायचं माधवरावांना धाडस होत नव्हतं. ते त्यांच्या तोंडावर दिसलं असावं.

"कागद आणा, लिहून देते," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे नुसत्या आखीव वह्या आहेत. आणि तुमचं ते खोकं आणू नका. मला कोरा कागद हवा. दोन्ही बाजूंनी."

माधवरावांनी फोन लावला. तिसऱ्या मजल्यावर पद्मजाबाईंनी पहिल्याच घंटेला उचलला. त्या खिडकीतच असाव्यात.

"पद्मजा, पिशवी सोड खाली," ते म्हणाले. "त्यात एक कागद टाक. कोरा. हो, देताहेत. नाही, खोक्यातला नको, कपाटातला, पैठणीखालचा. फोड ते पाकीट. हो, फोड म्हणतोय."

मग त्यांनी एकदा आपल्या बनियनकडे बघितलं, एकदा उघड्या दाराकडे, आणि आवाज खाली आणला.

"आणि एक शर्ट टाक. तो निळा. विकतचा."