पांढरा ठिपका

परदेशातून दवाखान्याचं यंत्र मागवणं म्हणजे काय कटकट असते, ते दादाला विचारावं. तिथल्या कारखान्याच्या दारातून खोका उचलायचा, जहाजात नाहीतर विमानात चढवायचा, इथे कस्टमवाल्यांची मनधरणी करून सोडवायचा आणि गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन उभा करायचा. या दारापासून त्या दारापर्यंत सगळी जबाबदारी दादाची. म्हणून गोदामातली माणसं त्याला तोंडावर ‘दादा’ म्हणत आणि पाठीमागे ‘दारोदार’. बायको तर तोंडावरच म्हणायची. “आमचे हे जन्मभर दारोदार हिंडतात, पण घरच्या दाराची कडी बसवायला यांना सवड नाही,” असं ती आल्यागेल्याला सांगायची, आणि त्यावर सगळ्यात आधी दादाच हसायचा.

असल्या प्रत्येक खोक्यावर एक ठिपका असतो. पोस्टाच्या तिकिटाएवढा चिकट कागद आणि त्याच्या मधोमध काचेची बारीक नळी. खोका नीट आला तर नळी पांढरी. कुठे पडला, आपटला, तर लालभडक. आणि एकदा लाल झाली की ब्रह्मदेव आला तरी ती पुन्हा पांढरी होत नाही. लाल ठिपका दिसला की गिऱ्हाईक दारातच आडवं येतं, न्या म्हणतं परत. मग पुन्हा पहिल्यापासून तोच खटाटोप, आणि यंत्रासाठी खोळंबलेला पेशंट खोळंबलेलाच.

दादाने यावर कधीच तोडगा काढला होता. त्याच्या टेबलाच्या खालच्या खणात कोऱ्या ठिपक्यांचं भेंडोळं असायचं. गोदामात आलेल्या खोक्यावर लाल दिसलं की मुकादम तो ठिपका नखाने खरवडून काढायचा, जागा फडक्याने पुसायचा आणि नवा लावायचा. त्यावर छापलेला नंबर कोण मायचा लाल जुळवून बघतो?

“दहांतले नऊ खोके आतून ठणठणीत असतात,” दादा सांगायचा. “लोक उगाच ठिपक्याला घाबरून चांगलं यंत्र परत पाठवतात. आपण तर उलट पुण्य करतो.”

“आणि दहावा?” मुकादमाने एकदा विचारलं होतं.

“दारात दिला तेव्हा पांढरा होता ना? मग पुढे जे काय झालं ते शेवटच्या दाराच्या आत झालं. आपला काय संबंध?”

त्या दहाव्या खोक्यापायी एका दवाखान्यातल्या मामाची नोकरी गेली. मामा म्हणजे वॉर्डात स्ट्रेचर ढकलणारा, सामान हलवणारा गरीब माणूस. सोनोग्राफीचं यंत्र आठवड्यातच बंद पडलं, आतून तडकलेलं निघालं, आणि ते वरच्या मजल्यावर चढवलं होतं मामाने. “आईशप्पथ, माझ्या हातून नाही पडलं हो,” असं म्हणत मामा दादाचा हात धरून रडला होता. दादाने त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि तो घरी आला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलं.

मग दादाची बायको आजारी पडली. आजार असला मेला की अंगातलं एकेक बळ दिवसाढवळ्या चोरून नेत होता. आधी पाय गेले, मग हात, आणि शेवटी छातीही थकली. श्वासाला यंत्र लागलं. भाड्याने आणलेलं यंत्र जुनंपुराणं, सारखं खरखरायचं, आणि त्याच्या मास्कमधून हवा निसटायची. डॉक्टर म्हणाले, “चांगलं मागवा, आणि लवकर मागवा. हे काही फार दिवस पुरायचं नाही.”

आता यंत्र मागवणं हा तर दादाच्या हातचा मळ. त्याने धंद्यातली सगळी अक्कल आणि सगळ्या ओळखी पणाला लावल्या. कस्टममधल्या साहेबासमोर तो पहिल्यांदा स्वतःच्या घरासाठी हात जोडून उभा राहिला. खोका सुटला, गोदामात आला, आणि मुकादमाने तो दुसऱ्या कुणाला हात लावू न देता स्वतः जिना चढवून घरात आणला.

दादाने सवयीने खोक्यावरून हात फिरवला. खोका सगळीकडून धुळीने माखलेला. एक कोपरा चेपलेला, त्यावर चिकटपट्टी. ठिपका पांढराशुभ्र. आणि ठिपक्याच्या भोवती तळहाताएवढी जागा लख्ख पुसलेली.

ही पुसलेली जागा दादाच्या चांगलीच ओळखीची होती. त्याने मुकादमाला दंडाला धरून जिन्यात नेलं.

“खरं सांग.”

“काय सांगू? पांढरा आहे की.”

“अरे, मला सांगतोस? मला?”

मुकादमाने मान खाली घातली. “फोर्कलिफ्टवरून घसरला, दादा. कमरेएवढ्या उंचीवरून पडला. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही परत पाठवला असता. वहिनी तोवर कशा तग धरणार? माझ्या पोरीच्या बाळंतपणात त्यांनी दोन्ही वेळचा डबा पाठवला होता. माझ्याच्याने नाही बघवलं.”

दादाचा हात उठला होता, पण मारणार कुणाला? ज्याला आपणच शिकवलं त्याला? वरून जुन्या यंत्राची खरखर ऐकू येत होती. परत पाठवायचं म्हणजे ती खरखर पुन्हा किती आठवडे ऐकायची, आणि ती मध्येच थांबली तर? दादाने उठलेला हात खाली घेतला.

“वर चल. खोका उघडू,” तो म्हणाला.

यंत्र बसवायला आलेल्या माणसाने बटणं दाबली. सगळे दिवे हिरवे लागले. “एकदम झकास,” तो म्हणाला. पडलेल्या खोक्याचं त्याला कुणी सांगितलं नाही, म्हणून त्याने आत उघडून बघितलंही नाही. दहांतले नऊ, दहांतले नऊ, असं दादा मनातल्या मनात घोकत होता.

“नीट आला ना हो खोका?” बायकोने मास्कच्या आडून विचारलं.

“अगदी नीट,” दादा म्हणाला.

आणि खरंच तिला बरं वाटू लागलं. ती सलग झोपू लागली, ओठांना रंग आला, जीभही सुटली. “जन्मभर लोकांच्या दारात पोचवलंत, एकदाचं माझ्याही दारात आलं,” असं तिने दादाला ऐकवलं. मुलगी नोकरीतून रजा काढून आईपाशीच होती. ती आईला ऊन मिळावं म्हणून यंत्राची गाडी आणि चाकाची खुर्ची गॅलरीत न्यायची. दादाला वाटलं, देवाने आपल्या करणीकडे काणाडोळा केला.

एका सकाळी दादा बंदरावर असताना यंत्र घरघरलं, शिट्टी वाजली आणि बंद पडलं. भाड्याचं यंत्र कधीच परत गेलं होतं. मुलीने हाताने श्वास द्यायची रबरी पिशवी आईच्या तोंडाला लावली आणि दाबत राहिली. दाबत होती आणि “आई, माझ्याकडे बघ” म्हणत होती. शेजारणीने फोन केला, अँब्युलन्स आली. दादा धापा टाकत जिना चढला तेव्हा मुलगी अजून पिशवी दाबत होती आणि अँब्युलन्सवाला तिला हळूच म्हणत होता, “ताई, आता सोडा.”

तेराव्याला जमलेली माणसं पांगल्यावर कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने यंत्र उघडलं. आतल्या पंख्याची बैठक तडकली होती. पंखा रोज थोडा थोडा घासत गेला आणि शेवटी अडकला.

“ही चीर यंत्र आपटल्याशिवाय जात नाही,” तो चाचरत म्हणाला. “घरात कधी पडलं होतं का?”

मुलगी पांढरीफटक पडली. “पडलं नाही. गॅलरीच्या उंबरठ्याला गाडीचं चाक अडकलं होतं. मी हिसका मारला. दणका बसला होता.”

इंजिनिअर पॅसेजमध्ये ठेवलेल्या रिकाम्या खोक्यापाशी गेला, वाकून बघितलं आणि परत आला. “ठिपका पांढरा आहे,” तो म्हणाला. “म्हणजे वाटेत काही झालेलं नाही. पण ताई, मनाला लावून घेऊ नका. होतं असं.”

दादा शेजारीच उभा होता. तोंड उघडायला ती एक वेळ पुरेशी होती. त्याने उघडलं नाही. इंजिनिअर गेला तेव्हा दादाने दार लावलं आणि कडीकडे बघत राहिला. कडी अजून बसवलेली नव्हती.

मुलगी खाईना, बोलेना. आपल्या हातांकडे बघत बसायची. दादा रोज ठरवायचा, आज सांगू, आणि रोज कच खायचा. सांगितलं तर बायको गेली तशी मुलगीही जाईल, ही त्याची भीती. बापाचा जीव म्हणायचा की बापाचा स्वार्थ, ते तुम्हीच ठरवा. आम्ही त्याला चांगलं म्हणणार नाही.

एक दिवस तो गोदामातून घरी आला तर गॅलरीच्या दारातून ठोकल्याचा आवाज. मुलगी जमिनीवर बसून हातोडी आणि पटाशीने उंबरठा उखडत होती. बोटं सोलवटलेली, नखांतून रक्त येत होतं, आणि ती घाव घालतच होती.

“अगं, काय करतेस?”

“हा नसता तर चाक अडकलं नसतं,” ती म्हणाली. “बाबा, मी मारलं आईला. मी नीट उचलून नेलं असतं तर...”

दादाला त्या मामाचा हात आठवला. आईशप्पथ, माझ्या हातून नाही पडलं. त्याने मामाला नुसतं पाणी दिलं होतं. स्वतःच्या लेकीला तो नुसतं पाणी कसं देणार?

तो आल्या पावली गोदामात गेला, खालच्या खणातलं भेंडोळं खिशात घातलं आणि परत आला. मुलीसमोर जमिनीवर बसला. एक ठिपका सोडवून त्याने हातोडीच्या दांड्यावर चिकटवला आणि हातोडी फरशीवर आपटली. नळी लाल झाली. त्याने तो ठिपका नखाने खरवडून काढला, जागा बाहीने पुसली आणि दुसरा लावला. पांढरा.

मुलीने हातोडी हातात घेऊन पुसलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मग उठून पॅसेजमधल्या खोक्यापाशी गेली. चेपलेला कोपरा बघितला, पुसलेली जागा बघितली, आणि तिथूनच विचारलं, “तुला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“दारात आला तेव्हापासून.”

“आईला सांगितलंस?”

“नाही.”

दादाला वाटलं, ही आता किंचाळेल, हातोडी फेकून मारेल. मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती शांतपणे परत आली आणि भेंडोळं हातात घेऊन उलगडू लागली. बरंच उलगडलं तरी आतली पुठ्ठ्याची नळी आली नाही.

“एवढे कोरे कशाला लागतात, बाबा?”

दादाने भेंडोळं परत घ्यायला हात पुढे केला. तिने ते दिलं नाही.

“आईचा एकच होता. बाकीचे कुणाकुणाच्या दारात लावलेस?”

दादाला सगळी दारं आठवत होती. माणसांचे चेहरे विसरला असेल, पण दार तो कधी विसरला नव्हता. मुलीने त्याचा फोन त्याच्यासमोर ठेवला.

“मला तुझ्याशी बोलायचं नाही,” ती म्हणाली. “आज नाही, कदाचित कधीच नाही. पण त्यांच्याशी तू बोलायचंस. लाव फोन.”

“अगं, धंदा बुडेल. तुरुंगात घालतील मला. आणि मुकादमाला पण.”

“लाव.”

दादाने फोन लावला. नंबर दोनदा चुकला. शेवटी पलीकडे घंटी वाजली आणि लहान बाळांच्या वॉर्डातल्या सिस्टरचा आवाज आला. दादाने आपण कोण ते सांगितलं.

“अय्या, दादा! किती दिवसांनी! बोला ना.”

“सिस्टर, ती बाळांना ठेवायची काचेची पेटी मी पोचवली होती, गेल्या वर्षी. ती चालू आहे का अजून?”

“चालू म्हणजे? अहो, एक दिवस रिकामी नसते. आत्ता पण बाळ आहे आत. कालच जन्मलंय, एवढंसं आहे, ओंजळभर. का हो, काय झालं?”

दादाने मुलीकडे बघितलं. ती उखडलेल्या उंबरठ्यापाशी पाठ करून बसली होती.

“आधी बाळाला दुसऱ्या पेटीत हलवा, सिस्टर,” दादा म्हणाला. “हलवा लगेच. मग सगळं सांगतो.”