पायापुरती जागा

"यंत्र खोटं बोलतंय," मिस आयोनी म्हणाली, आणि बाकांवरून "बोलतंय, बोलतंय" अशी साथ मिळाली.

स्टोनी गॅपच्या चर्चचा हॉल गच्च भरला होता. सगळे उपाशीपोटी आणि सगळे रविवारच्या कपड्यांत. बायकांच्या डोक्यावर हॅट, पुरुषांच्या गळ्यात टाय, ऑगस्टच्या उकाड्यात घामाच्या धारा. साखरेच्या अभ्यासाची तपासणी आमच्याकडे अशीच होते. वर्षातून एकदा राजधानीचे डॉक्टर डोंगर चढून येतात, त्याच त्याच माणसांचं रक्त घेतात, वजन घेतात, प्रेशर बघतात. या बेटावर साखर माणसाचे डोळे नेते, पाय नेते, शेवटी माणूसच नेते. ती एवढी का माजली, हे त्यांना शोधायचं आहे. मी त्यांची व्हॅन चालवतो. आधी बस चालवायचो. तिथे उतारू शिव्या द्यायचे, इथे देत नाहीत, एवढाच फरक.

यंदा डॉक्टर हॉटनने नवं यंत्र आणलं होतं. तरुण पोरगा, बोलायला मऊ. जुनं यंत्र त्या दिवशीची साखर सांगायचं, हे नवं मागच्या तीन महिन्यांची सांगतं. आणि सकाळपासून दोघांचं जमेना. जुन्यावर आकडा देवमाणसाचा, नव्यावर सैतानाचा. एकाचा नाही, बाकावरच्या जवळजवळ प्रत्येकाचा.

"नर्स, यंत्र बिघडलं असेल का?" डॉक्टरने विचारलं.

नर्स मर्डीनाने स्वतःच्या बोटाला सुई टोचली आणि दोन्ही यंत्रांवर थेंब टाकला. दोन्ही जुळले. तिने बोटाला कापूस लावला आणि खुर्चीत मागे टेकली. ही बाई वीसेक वर्षं हा डोंगर चढते आहे. तिला खुर्चीत टेकलेली मी क्वचितच पाहिली होती.

"तपासणीच्या आधी तुम्ही काही घेता का?" डॉक्टरने हॉलला विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. लपवायचं म्हणून नव्हे. प्रश्नच त्यांना कळला नसावा. शेवटी मिस आयोनी उठली.

"घेतो म्हणजे काय! सेरसी घेतो. आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ. आणि शेवटचे दोन दिवस पोटात अन्न नाही."

सेरसी म्हणजे कारल्याच्याच घराण्यातली वेल, पण तिच्यापुढे कारलं म्हणजे खीर. कुंपणाकुंपणावर माजलेली असते. तिचा काढा प्यायला की आतलं सगळं धुऊन निघतं असं आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. मीही पितो.

"अहो, पण का?" डॉक्टर म्हणाला.

"का काय? तुम्ही एवढ्या लांबून येणार. पाहुणा यायचा म्हटलं की आम्ही अंगण झाडतो, पडदे धुतो. मग रक्त तेवढं घाणेरडं ठेवून तुमच्यासमोर बसायचं? आम्ही गरीब असू, पण अस्वच्छ नाही."

"आमेन," मागून कुणीतरी म्हणालं.

डॉक्टरने कपाळाला हात लावला. मला हसू येत होतं. मग मर्डीनाचा चेहरा दिसला आणि हसू जागीच विरलं. दरवर्षी राजधानीत स्टोनी गॅपचं कौतुक व्हायचं. बघा, नर्स मर्डीनाच्या गावाची साखर कशी ताब्यात आहे! तिनेही ते कौतुक मिरवलं होतं, का मिरवू नये? आणि नियम असा, की ज्याची साखर वर त्याचेच पाय तपासायचे. स्टोनी गॅपचे पाय कुणी तपासलेच नव्हते. जुन्या कौतुकाचं हे दुसरं टोक तिच्या लक्षात येत होतं, आणि ती मिस आयोनीच्या पायांकडे बघत होती.

त्या पायांत जाड मोजे होते आणि वर चामड्याचे बंद बूट.

"बूट काढा, मिस आयोनी."

"बूट कशाला? रक्त काय टाचेतून काढणारेस?"

हॉल हसला. मिस आयोनीच्या जिभेला तोड नाही. मर्डीना लहान असताना तिची आई परदेशी गेली ती गेलीच. पोरीला वाढवलं ते या बाईने. नर्सिंग शाळेचा पहिला गणवेश तिनेच शिवला, रात्रंदिवस मशीन चालवून. हॉलमध्ये त्या एकमेकींना नर्स आणि मिस म्हणायच्या, कारण काम ते काम.

"आँटी," मर्डीना म्हणाली, आणि हॉलचं हसणं थांबलं. "काढ म्हणते ना."

"चारचौघांत नको गं."

हॉलच्या मागे पाद्रीबाबांची खोली आहे, दाराऐवजी पडदा. दोघी आत गेल्या. मी पडद्याबाहेर उभा राहिलो, कुणी डोकावू नये म्हणून. बूट निघाला आणि वास पडद्याबाहेर आला. तो वास मला ठाऊक होता. माझा बाप त्याच वासात गेला.

"कधीपासून?"

"ईस्टरच्या सुमारास खिळा लागला. लागलेला कळलाही नाही बघ."

"आणि एवढे दिवस मला बोलली नाहीस? रविवारी शेजारी बसून वाटाणाभात खातेस माझ्या!"

"काय बोलू? नर्सच्या घरातच सडका पाय? तुझे साहेब काय म्हणाले असते? ही दुसऱ्यांना शहाणपण शिकवते आणि हिच्या म्हातारीचं..."

"साहेब गेले खड्ड्यात!" मर्डीना ओरडली. इतक्या वर्षांत मी तिला ओरडताना ऐकलं नव्हतं. "तुझा पाय जाईल, आँटी. कळतंय का? पाय जाईल."

मग मिस आयोनी हळूच म्हणाली, "रडू नकोस. बाहेर लोक आहेत."

इस्पितळाच्या वाटेवर व्हॅनमध्ये मर्डीनाने तो पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, पांढऱ्या गणवेशावर. उतारावरचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. मी जपून चालवत होतो, तरी प्रत्येक दणक्याला मला शरमल्यासारखं होई. वाटेतली माणसं थांबून बघत होती. मिस आयोनी खिडकीतून त्यांना मान लववत होती, लग्नाला निघाल्यासारखी.

पाय गेला. डावा, गुडघ्याखालून. डॉक्टर हॉटनने ओळखीपाळखी लावल्या, शहरातून औषध मागवलं, पण उशीर तो उशीर. तो मर्डीनाला म्हणाला, "तुमचा यात काही दोष नाही." ती म्हणाली, "माहीत आहे," आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाच्या तपासणीला गेली. तिथे तिने साखर न बघता सगळ्यांचे बूट काढायला लावले. लोक चिडले. काही उठून गेले. ती प्रत्येकापुढे गुडघे टेकत राहिली.

शुद्धीवर आल्यावर मिस आयोनीने पहिलं काय विचारलं, तर पाय कुठे ठेवलाय.

"ते जाळतात, आँटी. इस्पितळाची भट्टी असते."

"माझा पाय भट्टीत? काय म्हणून? त्याने काय पाप केलंय? माझ्या सिल्बर्टशेजारी नेऊन पूर. पुढे जाऊन जागा धरून ठेवेल माझी. त्या म्हाताऱ्याचा काय भरवसा, दुसरीला बसवायचा." आणि हसली. हसताना तोंड वाकडं झालं, दुखत असणार.

मर्डीना इस्पितळात कुणाकुणाशी भांडली ते मला माहीत नाही. संध्याकाळी ती एक खोका घेऊन खाली आली आणि व्हॅनमध्ये माझ्याशेजारी बसली. खोका मांडीवर.

आमच्याकडे माणसं परसातच पुरतात. मिस आयोनीच्या परसात, विलायती फणसाखाली, तिच्या नवऱ्याची, सिल्बर्टची, चुना लावलेली कबर आहे. ऊन उतरत आलं होतं. मी फावडं घेतलं आणि कबरीला लागूनच माती उकरायला लागलो.

"तिथे नको, लासेल्स," मर्डीना म्हणाली.

"मग कुठे?"

"ती जेव्हा येईल, तेव्हा पाय जिथे येईल तिथे. नाहीतर खोदताना कुणी तोडेल. आणि तिला तो शोधावा लागेल."

मी डोकं खाजवलं. सिल्बर्टचं डोकं कुठल्या बाजूला ते मला माहीत होतं, मीच खांदा दिला होता. पण मिस आयोनी किती लांब हे कसं ठरवायचं? पाऊल एवढं, गुडघा एवढा, बाकीचा अंदाज. "दोरी आणू का?" मी विचारलं.

"नको. आमची उंची सारखीच आहे. तिने मला तिच्याच मापाने कपडे शिवले."

तिने चपला काढून बाजूला ठेवल्या. गणवेश सारखा केला, आणि सिल्बर्टच्या कबरीशेजारी मातीत उताणी झोपली. डोकं त्याच्या डोक्याच्या ओळीत, हात अंगाशी, पाय सरळ. तिच्या डाव्या टाचेपाशी मी फावड्याने खूण केली.

"झालं," मी म्हणालो.

ती उठली नाही. तिचे डोळे मिटले होते आणि श्वास संथ चालू होता. केसांत वाळलेली पानं अडकली होती. मी पुन्हा हाक मारली नाही. खोका सावलीत ठेवला आणि तिला जाग येणार नाही अशा बेताने, हळूहळू खणायला लागलो.