पाला कोंबलेली घंटा

मित्रांनो, दचकू नका! गोठ्यातल्या खुंटीवरून बोलतेय ती मीच. मी एक जुनी लाकडी घंटा आहे. ऐकणारं कुणी भेटलं की पोटातल्या माझ्या दोन्ही लाकडी जिभा नुसत्या नाचायला लागतात! पण आजची गोष्ट भीतीची आहे बरं का.

इंग्रजांच्या अमलात, खानापूरच्या रानाकडेच्या एका वाडीत माझा जन्म झाला. मष्णूआजानं शिवणीचं लाकूड कोरून मला घडवलं. प्रत्येक गाईच्या घंटेचा आवाज वेगळा ठेवायची आमच्याकडे रीत. दाट झाडीत गाय दिसत नाही, पण घंटेवरून घरची माणसं तिला बरोबर हुडकतात. मी वाजायची खुडुक-खुडुक! आजानं मला कपिली गाईच्या गळ्यात बांधलं आणि नात जयाला म्हणाला, "ही बोलतीया तवर गाय आपली."

केवढी ऐट होती माझी!

मग एका उन्हाळ्यात चराईच्या रानातलं गवत संपलं. ओढ्यापलीकडं राखीव जंगलात मात्र हिरवंगार. तिथं सरकारनं नवी रोपं लावलेली, म्हणून गुरांना बंदी. आत गुरं सापडली की फॉरेस्टगार्ड चंद्रप्पा ती थेट कोंडवाड्यात नेई.

जयाची आई मनुबाई म्हणाली, "गाभण गाय उपाशी मरंल गं. जा घेऊन पलीकडं."

"आन् गार्डानं घंटा ऐकली तर?"

"पाला कोंब की आत! मुकी घंटा चुगली करतीया व्हय?"

जयानं कपिलीच्या आणि घरच्या दुसऱ्या दोन गाईंच्या घंटांत पाला ठासला आणि तिघींना ओढ्यापलीकडं नेलं. मित्रांनो, तोंडात बोळा कोंबला की जीव कसा घुसमटतो, ते मला विचारा!

कपिली हिरव्याच्या मागं मागं जात करवंदीच्या जाळीत शिरली आणि एकटी पडली. एकाएकी तिचं चरणं थांबलं. उग्र वास आला. तिच्या गळ्याची शीर माझ्या अंगावर थाडथाड उडू लागली. समोरच्या गवतात काहीतरी पिवळं, पट्ट्यापट्ट्यांचं, अगदी हळू सरकत होतं.

"कपिलेऽऽ! कुठं हाईस गं?" जयाची हाक आली.

मी जिवाच्या आकांतानं हलले. पण हूं नाही की चूं नाही. हाक दूर दूर जायला लागली, भलत्याच बाजूला! संपलं, असंच वाटलं मला.

पुढचं मला नंतर जयाकडूनच कळलं. दुसऱ्या दोन गाई तिच्याजवळच होत्या. त्यांच्या घंटा वाजल्या तर कपिली ओळखून हंबरेल, हे तिला ठाऊक होतं. पण मग चंद्रप्पाही ऐकणार, आणि गुरं कोंडवाड्यात जाणार. तिला रडू फुटलं. रडत रडतच तिनं दोन्ही घंटांतला पाला उपसला आणि गाईंना पळवत सुटली. ठकठक! टोकटोक!

कपिली हंबरली. अशी हंबरली की माझं लाकूड थरारलं! तिकडून जया आली, इकडून कुऱ्हाडीवर दगड आपटत, आरडाओरडा करत चंद्रप्पा. ते पिवळं अंग गवतातून वळलं आणि दिसेनासं झालं.

चंद्रप्पा धापा टाकत म्हणाला, "पोरी, वाघीण फिरतीया इथं! घंटा वाजली असती तर मी आधीच हाकललं असतं तुला. आन् रोपं बघ कशी तुडवली. ही उंच झाली की ही बाजू चराईला उघडणारच हाय."

"मग सोडा की मामा, एवढ्या बारीला."

"सोडतो व्हय? चल कोंडवाड्यात!"

दंड भरून मनुबाईनं गाईंना सोडवून आणलं. घरी आल्यावर तिनंच बोट घालून माझ्या पोटातला पाला काढला. "बोल गं बाई," ती म्हणाली, "बोल."

कपिली पुढं सुखरूप व्याली. आता ती नाही, आणि मी या खुंटीवर आहे. मित्रांनो, कोवळं रान वाढू द्या. आणि चोरी लपवायला कुणाचं तोंड बांधू नका. संकटात हाकेला तेच तोंड लागतं.

जाता जाता मला एकदा हलवून जा. अजून कधी कधी तो उग्र वास आल्यासारखा वाटतो. खुडुक-खुडुक ऐकलं की मलाही धीर येतो.