ऐकू येणाऱ्यांची मैफल

मैफल ऐन रंगात आलेली असताना गायिकेनं हातानं वाद्यं थांबवली आणि समोरच्यांना विचारलं, "आज पहिल्यांदाच कोण आलंय? हात वर करा."

भरलेल्या सभागृहात एकच हात वर झाला. तो होता बंद पडलेला दिवा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनचा.

लोक पोट धरून हसले. गायिकेच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. पत्र्याच्या कारखान्यातल्या प्रेसखात्यात पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या दणदणाटानं कामगारांचे कान जातात, त्यांच्या मदतीसाठी ती वर्षानुवर्षं गात होती. समोर तीच मंडळी, त्याच खुर्च्यांत, छातीवर तेच बिल्ले. धृपद तिच्या तोंडून निघायच्या आधीच ही मंडळी ते म्हणून मोकळी! पटलेल्यांनाच किती वेळा पटवायचं? जमलेल्या पैशांतून कान झाकायचे मफ कारखान्यात जायचे आणि खुंटीवर धूळ खात पडायचे. कारण एखाद्यानं मफ चढवलाच, तर बाकीचे त्याला 'नवरीबाई' म्हणून हैराण करायचे.

आणि या टवाळांचा म्होरक्या होता तिचा सख्खा थोरला भाऊ. डावा कान केव्हाच कामातून गेलेला, उजवाही त्याच वाटेवर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, असंच चाललं तर थोड्याच दिवसांत त्याला बहिणीचा आवाजसुद्धा ऐकू येणार नाही.

मैफलीनंतर ती भरवणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाई तणतणत आल्या. "भर कार्यक्रमात असं विचारतात का गं? देणगीदारांना काय वाटलं असेल?"

"वाटू दे. पुढची मैफल मी कारखान्याच्या जेवणघरात करणार."

"तिथे आपली माणसं येणार नाहीत."

"म्हणूनच तिथे."

दादाला तिनं घरी जाऊन विचारलं, अर्थात ओरडून. तो खूश झाला. "ये की, चिमणे! पण भाषण ठोकलंस तर उठून जाईन. त्या मफचं नाव काढायचं नाही."

"नाही काढणार," ती म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत प्रेस थांबले, डबे उघडले गेले. तिनं सगळ्यांच्या ओठांवरची दोन गाणी म्हटली. गड्यांनी टेबलं बडवून ठेका धरला आणि दादा दर कडव्याला "बहीण आहे माझी!" म्हणून गर्जत राहिला. मग ती म्हणाली, "आता एक खेळ. डोळे मिटा, हात वर करा. हा आपला बासरीवाला एकेक स्वर वर चढत जाईल. ऐकू येतंय तोवर हात खाली आणायचा नाही."

हे तिनं दादाच्या उजव्या कानाशी पुन्हा सांगितलं. बासरी सुरू झाली. स्वर बारीक होत वर गेला, तसे जुन्या गड्यांचे हात एकेक करून खाली आले. दादाचाही आला. त्यानं डोळे उघडले, तर नव्या पोरांचे हात अजून वरच.

"बासरी बंद पडलीय की!" तो खेकसला. "हात कशाला धरलेत, गाढवांनो?"

कुणीच हसलं नाही. त्याच्याच प्रेसवरचा जोडीदार म्हणाला, "वाजतेय, दादा." त्याला ते दोनदा सांगावं लागलं. दादानं बासरीवाल्याच्या हलणाऱ्या बोटांकडे पाहिलं आणि हातातला घास डब्यात परत ठेवला.

गायिकेनं बासरीवाल्याला खुणेनं सांगितलं, थांबू नकोस.

भोंगा झाला. दादा प्रेसखात्यात गेला, खुंटीवरचा मफ काढून बाहीनं पुसला आणि सगळ्यांदेखत कानांवर चढवला. कोपऱ्यातून एकानं सवयीनं 'नवरीबाई' म्हणून तोंड हलवलं. दादाला ते दिसलं.

"होय, नवरीच! आहेर आण!" तो एवढ्यानं ओरडला, की त्या गड्यानं मान खाली घातली.

पाळी सुटल्यावर दादा घरी गेलाच नाही. फाटकाशी बाक ओढून बसला, बहिणीला आणि बासरीवाल्याला शेजारी उभं केलं आणि दुसऱ्या पाळीच्या माणसांना अडवू लागला. "आत जायच्या आधी हे ऐका. नाही ऐकू आलं, तर माझ्याशेजारी येऊन बसा."

पहिला गडी ऐकून आत गेला. दुसऱ्यानं कान पुढे केला, मग तो बाकावर येऊन बसला. पाठोपाठ तिसरा. एवढ्यात फोरमन धावत आला. "ए, फाटकात हा तमाशा चालणार नाही!"

दादानं हाताचा पंजा कानामागे धरला. "मोठ्यानं बोला, साहेब! तुमच्याच प्रेसनं कान खाल्लेत!"

फोरमन पुन्हा ओरडला. बाकावरच्या तिघांनीही कानामागे हात धरले. गायिकेनं बासरीवाल्याला खूण केली आणि त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली.